डोकं एक, पाय एक

वेबसाइटचं काम मला नसीमआपांनी शिकवलं, हे आधी सांगते. चिखलीत त्यांचा छोटासा कॉम्प्युटर क्लास होता. आठवीत शाळा सुटलेल्या माझ्याकडे त्यांनी दाखला कधी मागितला नाही. मागच्या महिन्यात आपा गेल्या. मी इथं पुण्यात होते... त्यांचे मिस्टर युसूफभाई यांचा फोन आला, तेव्हा दफनही होऊन गेलं होतं.

पहिल्या दिवशी एका वेबसाइटच्या एवढ्या फाइली पाहून मला घाम फुटला होता. "काऊन घाबरून राह्यली वं? माणसाचं अंगच समज," आपा म्हणाल्या. पानाच्या वरच्या पट्टीची फाइल म्हणजे 'डोकं', तळच्या पट्टीची 'पाय'. रंग, अक्षरं ठेवायची ते फोल्डर 'कपडे'. नावं हीच, फक्त इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. "डोकं एक, पाय एक, पोट ज्याचं त्याचं. पानापानाले नवं डोकं लावशीन तं रावण होईन." म्हणजे वरची आणि खालची पट्टी एकदाच करायची, सगळी पानं तीच वापरतात. मी अजून तशीच नावं देते.

पुण्यात त्या नावांनी मला एकदा चांगलंच अडचणीत आणलं. ऑफिसात सोबत काम करणाऱ्या मुलानं माझी 'पाय' फाइल उघडली, पी-ए-वाय म्हणजे इंग्रजी 'पे' असं वाचलं आणि म्हणाला, "पैसे भरायच्या पानावर नुसता पत्ताच कसा?" माझं शिक्षण आता उघडं पडणार, या धास्तीनं मी जिन्यात जाऊन आपांना फोन लावला. त्या खोकला लागेपर्यंत हसल्या. "पैसे नाई म्हणा बापा, पाय हायेत. पाया पड म्हणा त्याले." मी ते तसंच्या तसं जाऊन सांगितलं. तोही हसला. त्या दिवसापासून मला तिथं जरा मोकळं वाटू लागलं.

परवा युसूफभाईंचा पुन्हा फोन आला. "बेटा, क्लासच्या वेबसाइटवरून अजून तिच्या नंबरवर फोन येऊन राह्यले. तो फोन वाजला का मले... उचलवत नाई. काढून टाक तो नंबर."

ती वेबसाइट आम्ही दोघींनी केलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी आपांचं नाव आणि नंबर. मी 'पाय' फाइल उघडली. वाटलं, पानापानाला वेगळे पाय असते तर बरं झालं असतं, एकेक पान करत निरोप घेता आला असता. पण शिकवणच तशी. एका जागची एक ओळ पुसली आणि सगळ्या पानांवरून आपा गेल्या.

खोलीत मला 'वं' म्हणणारं कुणी नाही. फाइलीचं नाव मात्र बदललेलं नाही, वेबसाइट पाहणाऱ्याला ते दिसतही नाही. पी-ए-वाय. त्या मुलानं वाचलं तेही अगदी चूक नव्हतं, देणं तर आहेच. कधीतरी माझ्याशेजारी एखादी घाबरलेली पोरगी येऊन बसेल. तिला दाखला न विचारता आधी डोकं दाखवीन, मग पाय. आपा, तुमचं मी असं फेडीन.