टोपीचं अंडं अडकलं तेव्हा

त्याला सगळे सावकाश म्हणायचे. त्याचं केस कापायचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक खुर्चीत चुळबूळ करायला लागलं की तो कात्री थांबवून म्हणायचा, "सावकाश. केस आहेत, गवत नाही." त्यावरून नाव पडलं ते पडलंच. खरं नाव फक्त त्याच्या ताईच्या तोंडी होतं, आणि तिची वाचा गेल्यापासून तेही कुणी घेत नव्हतं.

दुकान पुढे, राहायची खोली मागे, मधे एक पडदा. खोलीच्या मागे हातभर अंगण, तिथे नळ, कपड्यांची दोरी आणि जुन्या कपाटाच्या खणांचं केलेलं खुराडं. अंगणाच्या दारात ताईची खुर्ची असायची. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला हिनंच लहानाचं मोठं केलं. दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी धुऊन तिनं त्याला केस कापायचं काम शिकायला घातलं, दुकान थाटून दिलं. फाटक्या तोंडाची. तिच्या जिभेचा पट्टा सुरू झाला की पलीकडच्या गल्लीतली माणसंसुद्धा खिडक्या लावून घ्यायची. मग एका सकाळी दात घासता घासता ती खाली बसली ती उजव्या अंगानं लुळी होऊनच उठली, आणि एवढ्या मोठ्या शब्दांच्या गाठोड्यातून तिच्याकडे दोनच शब्द उरले. असू दे.

भूक लागली तरी असू दे, पोट भरलं तरी असू दे. चहा गरम लागला, ऊन डोळ्यांवर आलं, भावाचा राग आला, सगळ्याला तेच. पहिले काही महिने ते ऐकून तो नळाखाली तोंड धुवायच्या निमित्तानं रडून घ्यायचा. पुढे तो सूर ओळखायला शिकला. शेवट वर गेला तर हवंय, खाली पडला तर नको. बरेचदा चुकायचं, पण दोघांचं भागत होतं.

कोंबडी अशी अचानकच आली. कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याच्या पिंजऱ्यातून निसटली आणि सरळ ताईच्या खुर्चीखाली येऊन बसली. पांढरी, डोक्यावर तपकिरी पिसांचा झुबका. चिकनवाला न्यायला आला तेव्हा ताईनं डाव्या हातानं काठी उचलली. तो हसला आणि म्हणाला, ठेवा तुम्हालाच, एवढी धडपड करून आलीय बिचारी. झुबक्यावरून तिचं नाव टोपी पडलं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी उजव्या हातात दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो ताईनं पहिल्याच दिवशी अंगणात भिरकावला होता. पण टोपी मांडीवर येऊन बसली की ती डाव्या हातानं आपला उजवा हात उचलायची आणि तिच्या पाठीवर ठेवायची. तासन्‌तास. सावकाशला वाटायचं, ती बोटं हलताहेत. कधी वाटायचं, कोंबडीच्या श्वासानंच हलत असतील.

एका सकाळी टोपी मांडीवर आली नाही. खुराड्याच्या तोंडाशी पिसं फुगवून, शेपूट खाली टाकून उभी राहिली, डोळे अर्धे मिटलेले. मधेच खणात जाऊन बसायची, जोर काढायची, पुन्हा बाहेर यायची. दाणे टाकले तर बघितलंही नाही. तुरा लाल होता तो फिक्कट दिसायला लागला. ताई खुर्चीतून पुढे झुकून "असू दे, असू दे" म्हणत राहिली. तिचा असा सूर सावकाशनं आधी ऐकला नव्हता, त्यामुळे त्याचा अर्थही त्याला लावता येईना.

त्यानं दुकान उघडं टाकलं आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर लसीकरणाला बाहेरगावी गेले होते, कधी येतील ते फोन उचलणाऱ्यालाही माहीत नव्हतं. एका कोंबडीसाठी फोन केलाय म्हटल्यावर तो माणूस, चेष्टा न करता, म्हणाला की एकटी कोंबडी इथं कुणी आणतच नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुत्र्यामांजरांचा दवाखाना होता. तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की आम्ही पक्षी बघत नाही. मग कोण बघतं, असं त्यानं विचारलं. तिनं खरोखर विचार केला आणि म्हणाली, "मला नाही माहीत, काका."

शेवटी तो चिकनवाल्याकडेच गेला. कोंबड्यांत ज्याचा जन्म गेला असा त्याच्या ओळखीत तो एकटाच होता.

चिकनवाला हात धुऊन अंगणात आला. टोपीला त्यानं असं उचललं की तिनं पंखही हलवले नाहीत. पोटाखालून बोटं फिरवली, एका जागी थांबला. "अंडं अडकलंय," तो म्हणाला. "कोमट पाण्यात बसव. तेल लाव. अंधारात ठेव. सुटलं तर सुटलं. आत फुटलं तर मात्र कठीण." मग ताईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात त्यानं पुढचं सांगितलं. हिला फार वेदना होताहेत. हाल बघवेनासे झाले तर माझ्याकडे आण, क्षणात सुटेल. विकणार नाही, शब्द देतो.

सावकाशनं मान हलवली आणि पाणी तापवायला ठेवलं.

गिऱ्हाइकांची डोकी धुवायच्या टबात त्यानं कोमट पाणी घेतलं, कोपर बुडवून पाहिलं, आणि टोपीला पोटापर्यंत पाण्यात धरून बसला. पाण्यात ती शांत व्हायची, मान त्याच्या मनगटावर टाकायची. बाहेर काढली की दाढीसाठीचे गरम टॉवेल गुंडाळून, केस वाळवायचं यंत्र लांबून धरून तो तिला कोरडी करायचा. तेल लावताना बोटाला आत काहीतरी टणक लागलं. जोर केला तर फुटेल, नाही केला तर निघणार नाही. जन्मभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलेला हात त्यानं मागे घेतला. ताकद यावी म्हणून अंड्याची टरफलं कुटून पाण्यात कालवली, चमच्यानं चोचीशी लावली. अर्धी तिनं गिळली, अर्धी त्याच्या शर्टावर.

संध्याकाळपर्यंत पाणी, तेल, अंधार, पुन्हा पाणी. अंडं जिथल्या तिथे. टोपी आता प्रत्येक श्वासाला चोच उघडत होती.

तेव्हा त्यानं ताईसमोर जमिनीवर बसकण मारली आणि तिला सगळं सांगितलं. चिकनवाला काय म्हणाला तेही सांगितलं. "ताई, नेऊ का तिला त्याच्याकडे, सुटका करायला? का ठेवू? तू सांग. तुझी आहे ती."

ताईनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांची खटपट चालली होती, कपाळावर शीर उठली होती. आणि मग तिनं सांगितलं. असू दे.

सूर वरही गेला नाही, खालीही पडला नाही. असू दे म्हणजे राहू दे तिला, की असू दे म्हणजे जाऊ दे? त्यानं पुन्हा विचारलं. नेऊ, तर डोळे मीट. ताईनं डोळे मिटले, पण ते पाणी आलं म्हणून. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही. उत्तर तिच्याकडे होतं आणि ते बाहेर यायला वाट नव्हती, हे तिच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसत होतं की पुन्हा विचारणं म्हणजे छळ झाला असता.

त्यानं ठेवायचं ठरवलं. ठरवलं म्हणण्यापेक्षा, नेण्यासाठी त्याचे पाय उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाण्यातून काढताना टॉवेलवर पिवळं काहीतरी सांडलं, मागोमाग टरफलाचे तुकडे आणि पातळ पापुद्रा. टोपी सैल पडली, मग चक्क उभी राहिली. पाणी प्यायली. दोन दाणे टिपले. सावकाशनं तिला ताईच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा ताई अर्ध्या तोंडानं हसली, आणि तो दुकानात जाऊन गिऱ्हाइकांना सांगत सुटला की आमचं पोर वाचलं. कुणी थट्टा केली तर आज त्यानं ती गोड मानून घेतली. चिकनवाल्याला मात्र त्यानं जाऊन सांगितलं, तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला, "सगळे तुकडे आले का?"

सगळे आले नव्हते. दुपारनंतर टोपीचं अंग तापलं, मान एका बाजूला गेली. पुन्हा दवाखान्याला फोन झाला, डॉक्टर अजून आले नव्हते. कोंबड्यांवरचं औषध म्हणून धान्यदुकानदारानं दिलेली कसलीशी पुडी त्यानं हातात घेतली, वरची अक्षरं वाचली, काही कळलं नाही, आणि देऊ की नको या विचारात तशीच खिशात ठेवली. करण्यासारखं जे होतं ते सगळं करून झालं होतं. आता तो आणि ताई नुसते बघत बसले. आयुष्यात प्रथमच दोघांची अवस्था सारखी होती. एकीला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याकडे बोलायला काही नव्हतं.

ऊन उतरायच्या सुमारास टोपीनं पंख एकदा ताणले आणि ती मांडीवरच गेली. ताईला कळलं, त्याच्या आधी कळलं. तरी तिनं उजवा हात उचलून पाठीवरून काढला नाही. त्यानं कोंबडी घ्यायला हात पुढे केला तर तिच्या घशातून मोठा, ओबडधोबड आवाज निघाला. आजारपणानंतर ती पहिल्यांदा मोठ्यानं रडत होती. ती थांबेपर्यंत तो खुर्चीच्या दांडीला धरून उभा राहिला.

नळाजवळची ओली माती खणून त्यानं टोपीला पुरलं. आत आला तेव्हा ताईच्या केसांत पिसं अडकलेली दिसली. त्यानं ती एकेक काढली. मग फणी आणली. एवढी वर्षं जगाचे केस कापले, पण ताईच्या केसांना त्यानं कधी हात लावला नव्हता, ती लावू देत नव्हती. आज तिनं डोकं मागे टाकलं. त्यानं गुंता सोडवला, वेणी घालता येत नव्हती म्हणून एक वेडीवाकडी गाठ मारली. तिनं ती चाचपून पाहिली आणि तशीच राहू दिली.

पुढे चिकनवाल्यानं कोंबडीचं एक पिल्लू आणलं. ताईनं तोंड फिरवलं. तेवढं मात्र सावकाशला पहिल्या फटक्यात समजलं. पिल्लू परत गेलं.

पण नेऊ का म्हणून विचारलं त्या संध्याकाळी ती काय म्हणाली होती, ते त्याला आजतागायत कळलेलं नाही. कधी खुर्चीत एखादं ओळखीचं गिऱ्हाईक असलं तर तो कात्री थांबवून विचारतो की तुम्ही असता तर नेली असती का? लोक म्हणतात, अहो, कोंबडी होती. तो वाद घालत नाही. मान खाली घालून मागचे केस सारखे करतो.