मालसुनबाईंचा मैत्री-अहवाल

कोरियातल्या आमच्या छोंगजू शहरातल्या बालवाडीत मालसुनबाई सत्तावीस वर्षं शिकवत होत्या. मी तिथे स्वयंपाक करते. पोरांची भांडणं सोडवताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. शेजारी उभ्या राहून बघायच्या. रक्त आलं तरच मध्ये पडायच्या.

मग प्यो साहेब नवे संचालक म्हणून आले. त्यांनी 'मैत्री-विकास वर्ग' काढला. आयांकडून फॉर्म भरून घेतले आणि पत्रिका जुळवाव्यात तशा पाच-पाच वर्षांच्या पोरांच्या जोड्या लावल्या. भांडण झालं की म्हणायचं वाक्यही ठरलेलं: "तुझ्या भावना मी समजू शकते."

पहिल्याच आठवड्यात बोम नावाच्या मुलीनं हे वाक्य न अडखळता म्हटलं आणि आपल्या जोडीदाराच्या, ग्योलच्या, दंडाला कडकडून चावली. डॉक्टर-डॉक्टर खेळताना त्यानं तिसऱ्या दिवशीही तिलाच पेशंट केलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत माफीनाम्याची बैठक बसली. मी बार्लीचा चहा घेऊन गेले, तर तासाभरात पहिली ओळसुद्धा झालेली नव्हती.

"'खेद वाटतो' एवढं पुरे," बोमची आई म्हणाली.

"खेद? दात उमटलेत पोराच्या दंडावर! 'शरम वाटते' लिहा," ग्योलची आई म्हणाली.

"म्हणजे तो कागद तुम्ही बिल्डिंगभर नाचवायला मोकळ्या!"

"भावना व्यक्त होताहेत. छान, छान," साहेब घाम पुसत म्हणाले.

मालसुनबाईंनी खिडकी उघडली. खाली अंगणात ग्योल बाकावर आडवा पडला होता आणि बोम त्याचा दंड तपासत होती.

"कुणी चावलं तुम्हाला?"

"कुत्र्यानं, डॉक्टर."

"मोठा होता का?"

"लहानच होता. पण फार चिडलेला."

"का बरं?"

ग्योलनं जरा विचार केला. "मी त्याला डॉक्टर होऊच देत नव्हतो."

"मग इंजेक्शन द्यावं लागेल."

"दे. पण उद्या मी डॉक्टर हं!"

"बरं. उद्या तू."

वर खोलीत बोमची आई उसळली, "ऐकलंत? माझ्या मुलीला कुत्रा म्हणाला!"

माफीनामा राहिला तो राहिलाच. साहेबांनी बाईंकडे तीन पानी अहवाल मागितला. बाईंनी लिहिलं, 'चावली. रडला. पाळ्या ठरवल्या. मोठ्यांची अडचण झाली.' त्याबद्दल त्यांना ताकीदपत्र मिळालं आणि ग्योलच्या आईनं बालवाडीच बदलली.

पुढचे तीन दिवस बोमनं बाकावर कुणालाही झोपू दिलं नाही. चौथ्या दिवशी मालसुनबाई स्वतःच जाऊन आडव्या झाल्या.

"डॉक्टर, गुडघे फार दुखतात हो."

बोमनं गुडघा दाबून पाहिला. "ग्योल कधी येणार?"

"नाही येणार, बाळा. आता लांबच्या बालवाडीत जातो तो. मलाही आठवण येते त्याची."

बोम मोठ्यानं रडली. बाईंनी तिला गप्प केलं नाही, नुसता हात धरून ठेवला. रडं ओसरलं तेव्हा मागे वर्गातली एक लाजरी मुलगी पोट धरून उभी होती.

"उठा, आजी," बोम नाक पुसत बाईंना म्हणाली. "पुढचा पेशंट आलाय."