माईक बंद करायला विसरलेला नवरदेव

माझा राग लवकर जात नाही. आई म्हणायची, ही पोरगी राग पोटात ठेवून त्याला रोज खाऊ घालते. खरंच आहे ते. एका माणसावरचा राग मी असाच पोसला आणि त्याचं मला आजही काडीचं वाईट वाटत नाही.

अमरावतीला होस्टेलवर आम्ही चौघी एका खोलीत होतो. शिक्षण संपलं, चौघी चार गावांना पांगलो, मी अकोल्याला घरी आले. मग भेटायचं ठिकाण एकच उरलं, मोबाईलवरचा बंदुकीचा खेळ. त्यात गप्पांसाठी एक खोली असायची. संध्याकाळी सगळ्या तिथे यायच्या, माईक चालू करायच्या. एकीची सासू, दुसरीची परीक्षा, तिसरीच्या वावरातली बोंडअळी, सगळं त्या गोळीबारात बोलून व्हायचं. तेवढा एक तास आम्ही पुन्हा होस्टेलच्या पोरी असायचो.

पण त्या खोलीला कुलूप नव्हतं, कोणीही घुसू शकायचं. एके दिवशी तो घुसला. पोरींचे आवाज ऐकले आणि त्याला चेव आला. आधी हिंदीत, "रोटी बनाने जाओ." मग जे बोलला ते मी लिहिणार नाही. आम्ही ब्लॉक केलं, तो नवीन आयडी घेऊन हजर. रिपोर्ट केलं, तर खेळवाल्यांचा आभाराचा निरोप आला आणि पाठोपाठ हा. रिक्वेस्टांचा आणि घाण मेसेजचा पाऊस. राग आला की त्याची हिंदी संपायची आणि अस्सल वऱ्हाडी सुरू व्हायची, "तुमचं गाव हुडकून काढतो, थांबा!"

जिला सासू होती तिने त्याच आठवड्यात खेळ काढून टाकला. नवऱ्याच्या कानावर पडलं तर? दुसरीच्या भावाने मोबाईलच काढून घेतला. तिसरी यायची, पण माईक बंद ठेवून, मुक्याने. आमची खोली त्या हरामखोराने उठवली होती. मी मात्र रोज जात राहिले. तोंड बंद ठेवलं आणि स्क्रीनसकट त्याचा आवाज रेकॉर्ड करत राहिले. कशासाठी, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. हाती काहीतरी असावं, एवढंच.

आणि एका संध्याकाळी देव पावला. तो शिव्यांच्या भरात होता आणि मागून एका बाईचा आवाज आला, "अरे पोट्ट्या, रोही घुसले बगीच्यात! ऊठ!" आमच्याकडे नीलगाईला रोही म्हणतात आणि संत्र्याच्या बागेला बगीचा. कळप शिरला की उभं पीक फस्त, मग माणूस हातातलं टाकून पळतो. हाही पळाला. माईक तसाच चालू. लांबून डबा बडवल्याचा आवाज आला, तो हुर्रर्र करून ओरडला, धापा टाकत परत आला. आई त्याला म्हणत होती, "मूर्तिजापूरवाल्यायनं नाई म्हनलं बावा. आता तेल्हाऱ्याच्या शिवणक्लासवाल्या बाईले सांगतो तुह्यासाठी पोरगी पाहाले."

मी मोबाईल हातात धरून हसतच सुटले. तेल्हाऱ्याची शिवणक्लासवाली बाई म्हणजे माझी सख्खी मामी!

मामी क्लास चालवता चालवता सोयरिकी जुळवायची. त्या वर्षांत शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळणं म्हणजे महाकठीण. चांगला बगीचा असला तरी पोरीचा बाप विचारायचा, नोकरी हाय का? मामीला फोन करून म्हटलं, संत्र्याचा बगीचा, रोह्यांचा त्रास, मूर्तिजापूरहून नकार, असं स्थळ आलंय का? ती म्हणाली, "आलं न. अंजनगाव सुर्जीकडचं हाय. कावून वं?" मी सगळं सांगितलं. मामी म्हणाली, "येऊ दे त्याले पोरगी पाहाले. तूच बस."

तो आला मामीच्या घरी. सोबत आई आणि काका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मान खाली, इतका गरीब चेहरा की मलाच क्षणभर शंका आली. मी पोहे दिले, समोर बसले. काकांनी रीतीप्रमाणे विचारलं, काय शिकली, स्वयंपाक येतो का. मी म्हटलं, "रोटी बनवता येते. हे मला रोज सांगायचे, खेळात."

त्याच्या हातातला चमचा थांबला. माझा आवाज त्याने बरोबर ओळखला. मी मोबाईल काढला आणि आवाज मोठा करून त्याला त्याचंच बोलणं ऐकवलं. एकही शब्द गाळला नाही. तो घामाने निथळत होता आणि मला बरं वाटत होतं, फार बरं.

काका उसळले. "हा आमचा पोरगा नाई! आजकाल मोबाईलवर कोनाचाबी आवाज बनवता येते!"

रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. त्यातून बाईचा आवाज आला, "अरे पोट्ट्या, रोही घुसले..."

त्याची आई म्हणाली, "बंद कर माय. हा आवाज माहा हाय."

ती उठली. पोहे बश्यांमध्ये तसेच राहिले होते. मला वाटलं, आता हात जोडेल, झाकून ठेव म्हणेल. पोरासाठी तिने किती उंबरे झिजवले होते ते मामीकडून कळलं होतं. तिने विचारलं, "हे आनखी कोनाले ऐकवलं?"

"अजून नाही."

"मंग ऐकव," ती म्हणाली. "माह्या घरात कोनाची पोरगी फसू नये."

मामीकडे त्याचं स्थळ विचारणाऱ्या प्रत्येक पोरीच्या बापाला मी ऐकवलं.