उतारतात्यांची गोटी

उतारतात्या कुणाच्याही घरात शिरले की रामराम करण्याआधी खिशातली काचेची गोटी फरशीवर ठेवत. ती कुठं घरंगळते ते पाहून झालं की मगच माणसांकडं पाहत. त्यांचं खरं नाव बारामतीत कुणी विचारलं नाही. धंदा नळजोडणीचा आणि सांगणं एकच: "पानी शानं असतंय. त्याला वाट दावू नगा, निस्ता उतार द्या."

दुसरं महायुद्ध पेटायच्या आधीची गोष्ट. आम्ही हौसेनं माडीवर संडास बांधला. त्याचा बिडाचा उभा नळ नेमका देवघराच्या भिंतीला लागून खाली उतरला. सासूबाईंनी पत्र्याची ट्रंक भरून ओसरीवर आणून ठेवली. नळ हलला नाही तर त्या इंदापूरला भावाकडं कायमच्या जाणार होत्या. मी तात्यांना बोलावून यादी केली: नळ काढणे, परसाच्या भिंतीला लावणे, परसातल्या मैल्याच्या टाकीकडं जाणाऱ्या जमिनीखालच्या गटाराला जोडणे. शनिवारपर्यंत.

पहिली दोन कामं झटपट झाली. तिसऱ्याला तुळस आडवी आली. गटाराकडची सरळ वाट वृंदावनाखालून जात होती. सासूबाईंनी ट्रंकेला कुलूप लावलं. मग तात्यांनी वळसा घालून चर खणला, नळ मांडले आणि वरच्या तोंडातून गोटी सोडली. ती खालच्या तोंडाशी आलीच नाही. थोडं कमीजास्त चालतं, असं मी सुचवून पाहिलं.

"वहिनी, गोटी थांबती तितं घाण थांबती," म्हणत त्यांनी सगळे नळ उचकटले. गटार टाकीजवळ जास्त खोल होतं, म्हणून जोड तिथं घ्यायचा ठरला. माझ्या यादीतला शनिवार तीनदा खोडला गेला.

अखेर सांध्यात काथ्या ठासून वर शिसं ओतलं. तरी पाणी जुन्या वाटेनं जात नाही कशावरून, ही सासूबाईंची शंका होतीच. तात्यांनी बादलीत मूठभर हळद कालवायला सांगितली. मी ती माडीवरून ओतली. खाली टाकीच्या तोंडाशी तात्या आणि सासूबाई उकिडवे बसलेले. पिवळीधमक धार आली, आणि नव्या विहिरीच्या पहिल्या पाण्याला जोडावेत तसे सासूबाईंनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. मग कशाला जोडले ते त्यांच्या ध्यानात आलं.

तात्या आभाळाकडं बघत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जोडलेलं, आईसाहेब. उतार पावला."

त्याच दुपारी ट्रंक आत गेली.

पुढं नजर मंदावली तेव्हा तात्या सांगवीला लेकीकडं राहायला गेले. जाताना गोटी सासूबाईंच्या हाती दिली. सासूबाईंनी ती शाळिग्रामाशेजारी ठेवली. विचारायची कुणाची छाती झाली नाही. आता दोघंही नाहीत. रोज देव पुसताना मी तीही पुसते आणि परत कापसावर ठेवते. कापूस नसला की ती परसाच्या दिशेनं निघते.