पायरी नोको

"आधी सतरंजीवर बसा, मंग बोला."

आमच्या लेआउटमधल्या काकाजींचं हे ठरलेलं वाक्य. मागच्या हिवाळ्यात काकाजी गेले. शेजारी असो की ग्रामपंचायतीचा इंजिनिअर, उभ्यानं बोलणाऱ्याशी ते बोलतच नसत. उभ्या माणसाचं अर्धं लक्ष निघण्यात असतं म्हणायचे. देवळीच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते, त्यामुळे असली माणसं त्यांनी जन्मभर पाहिलेली.

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत प्लॉट घेऊन घर बांधलेल्यांना सांगायला नको, लेआउटमध्ये एक मोकळी जागा सोडलेली असते आणि तिच्यात हमखास गाजरगवत माजतं. आम्ही ग्रामपंचायतीच्या नावानं बोटं मोडायचो, ग्रामपंचायत आमच्या. सेवाग्रामकडची एक संस्था झाडं द्यायला तयार होती, पण तिला कोणी विचारेना. काकाजींनी सगळ्यांना एका संध्याकाळी तिथंच बोलावलं आणि गवत उपटून सतरंजी अंथरली. इंजिनिअरसाहेब पँटची इस्त्री सांभाळत मांडी घालू लागले तेव्हा मला हसू आवरेना.

मग त्या जागेचं काय करायचं, यावर दर रविवारी बैठक. पोरांना व्हॉलीबॉल, बायकांना सावली, कोणाला मंदिर, आणि मला, खरं सांगतो, गाडी ठेवायला जागा हवी होती.

"तुमची गाडी घरीच राहू द्या सर, तिले हवा खायची गरज नाई," काकाजी म्हणाले. झालं, माझा विषय तिथंच संपला.

स्वतःसाठी त्यांनी एकच मागितलं. "फिरायचा रस्ता सपाट पाहिजे. पायरी नोको, कुठंच."

काकूंना लकवा मारला होता. बाहेर गाड्यांची भीती आणि अंगण एवढंसं. त्यांना पुन्हा मोकळ्यावर चालवायचं, एवढाच ध्यास घेतला होता त्या माणसानं. जागेला चढ होता, मुरूम टाकावा लागणार होता, तरी सगळ्यांनी कबूल केलं.

मुरूम यायच्या आधीच काकू गेल्या.

पुढच्या बैठकीला काकाजी येतील असं वाटलं नव्हतं. आले. इंजिनिअर चाचरत म्हणाले, "आता दोन पायऱ्या घेतल्या, तर काम लवकर होईल." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण आम्हाला वर बघवेना.

"माह्यी गेली साहेब," काकाजी म्हणाले. "बाकीच्याईचे गुडघे हायेत ना अजून."

पायरी झाली नाही.

रस्ता तयार झाला त्या संध्याकाळी लेआउटमधले सगळे फिरायला आले. कोपऱ्यावरच्या आजी काठी टेकत दोन फेऱ्या मारून गेल्या. काकाजी मात्र रस्त्याच्या कडेनं, मातीतून चालत होते.

"काकाजी, काऊन मातीतून चालून राह्यले? वरून चाला ना," मी म्हणालो.

"ती वरून चालन, मी बाजूनं तिचा हात धरन, असं ठरलं होतं आमचं."

एवढं बोलून ते पुढे निघाले. त्यांचा डावा हात रस्त्याकडे जरासा उचललेला होता. मला त्यांच्यासोबत चालायचं होतं, पण त्या हाताच्या बाजूला जावेना. मी मागेच राहिलो.