काचेच्या गालाला चरबी

समजा, भल्या सकाळची वेळ आहे, श्वास मिशीवर गोठलाय आणि तुम्हाला खांबावरच्या सोलर पॅनेलचा बर्फ काढायचाय. खराटा मारलात तर काचेवर ओरखडे उठतील, कढत पाणी ओतलंत तर काच तडकेल. हातमोजा घातलात तर फडकं धरवत नाही, काढलात तर बोटं तुमची राहत नाहीत. मुरगाबच्या पठारावर बुरमाकान हे काम हिवाळाभर रोज करायची, आणि तिला त्याचा मनापासून वैताग यायचा.

पण टाळून चालणार नव्हतं. पॅनेलवर बॅटरी भरायची, बॅटरीवर मेंढवाड्यातला दिवा रात्रभर जळायचा, आणि दिवा जळतोय तोवर लांडगा वाड्याकडे फिरकत नसे. त्यात मेंढ्या व्यायला आलेल्या. थंडी बाधू नये म्हणून बॅटरी तिने घरातच ठेवली होती, चुलीपासून जरा लांब, नमद्यात, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडात, गुंडाळून, गारठलेल्या कोकरांच्या शेजारी. नवरा आकमात म्हणायचा, इतके लाड माझे लग्नाच्या वर्षीही झाले नव्हते.

एक दिवस तिला युक्ती सुचली. नातवाला बाहेर सोडताना थंडीने गाल फुटू नयेत म्हणून ती मेंढीच्या शेपटीची चरबी चोळायची. तीच तिने काचेला चोळली. बर्फ टिकेचना, सरकन खाली. बुरमाकान बरेच दिवस ऐटीत चहा पीत बसली.

मग उजाडायच्या आधीच दिवा मिणमिणू लागला. एका सकाळी तर वाड्याच्या भिंतीलगत लांडग्याची पावलं उमटलेली दिसली. बॅटरी म्हातारी झाली, असा निकाल आकमातने देऊन टाकला. बुरमाकानने बॅटरीवर आणखी एक नमदा घातला. फरक शून्य.

शेवटी सून केरेमेत शिडी लावून वर चढली आणि काचेवरून बोट फिरवून खाली आली. बोट काळंकुट्ट. चुलीतल्या शेणीच्या धुराची काजळी चरबीवर थापून बसली होती.

“आपा,” ती सासूला म्हणाली, “बॅटरी उपाशी आहे. उपाशी माणसाला पांघरुणं कसली घालताय?”

“मग काचेवरचा बर्फ खाली कसा पडायचा? तू वर बसून फुंकणार?”

“पॅनेल जरा उभं करा. आपोआप घसरेल.”

“नशीब,” आकमात चहात बघत म्हणाला, “हिने चरबीत कांदा नाही घातला.”

पॅनेल उतरवून कोठीत आणलं, त्याचा गारठा मोडू दिला, साबणाने धुऊन कोरडं केलं आणि खांबावर चांगलं तिरपं बसवलं. त्या रात्री दिवा सूर्य उगवेपर्यंत जळला. भिंतीजवळच्या बर्फावर नवं पाऊल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थंडी अशी, की ओला रुमाल फळीसारखा उभा राहावा. ऊन मात्र लख्ख. दुपारी चार्ज दाखवणारा काटा भर उन्हाळ्यातही गेला नव्हता इतका वर गेला. बुरमाकान बघतच राहिली. मग तिने आत येऊन बॅटरीभोवतीचा नमदा नीट खोचला. तेव्हापासून ती भेटेल त्याला विचारत असते: एकाच तारेने बांधलेली ही दोघं, मग काचेला जी थंडी मानवते, तीच बॅटरीला का बाधते?