बाबांचा आहारतक्ता

दहावीला गणितात मला जे गुण पडले ते सांगण्यासारखे नाहीत, आणि लपवावेत इतके जास्तही नाहीत. बहारीनमधल्या आमच्या भारतीय शाळेत अकरावीला सायन्सचं दार त्यामुळे बंद झालं, कॉमर्सवाल्यांनी गोड बोलून वाटेला लावलं, आणि मी जिथे जाऊन आदळलो त्या वर्गाचं नाव होतं होम सायन्स. वर्गात सगळ्या मुली आणि मी.

पहिल्याच महिन्यात उशीचा अभ्रा शिवायचा होता. मी चारही बाजू इतक्या इमानदारीने शिवल्या, की उशी आत कुठून जाणार हा प्रश्न मिसनी विचारेपर्यंत मला पडलाच नाही. पुढच्या बाकावरची पुण्याची मुलगी मागे वळून म्हणाली, "छान पाकीट झालंय रे. आता तिकीट लाव आणि पोस्टात टाक."

वर्षभर माझं नाव पोस्टमन होतं. मला त्याचं वाईट वाटत नसे. उलट केक फुगला नाही, कस्टर्डमध्ये साखरेऐवजी मीठ पडलं, इस्त्रीने मिसचा टेबलक्लॉथ जाळला, असलं काहीतरी रोज घरी जाऊन बाबांना रंगवून सांगायचं आणि त्यांना हसवायचं, हा माझा धंदा झाला होता. बाबा एका कंपनीत बस चालवत. पहाटे लेबर कॅम्पवरून कामगार उचलायचे, साइटवर सोडायचे, दुपारी आणि संध्याकाळी परत. मनामातल्या एका कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. आई त्या वर्षी गावी होती. मामाला अर्धांग झालं होतं आणि त्याचं करायला दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळे स्वयंपाकघर आमच्या दोघांच्या वाट्याला आलं होतं, आणि बाबांना चहापलीकडे काही येत नव्हतं.

मी बारावीत गेलो त्या उन्हाळ्यात कंपनीच्या वार्षिक मेडिकलमध्ये बाबांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरने गोळी सुरू केली आणि सरळ सांगितलं, दोन महिन्यांनी पुन्हा तपासू; साखर आटोक्यात आली तर गाडी चालव, नाही आली तर चालवता येणार नाही. ड्रायव्हरच्या व्हिसावर आलेल्या माणसाला गाडी चालवता येत नसेल तर पुढे काय, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

नेमक्या त्याच आठवड्यात मिसनी बारावीच्या फाइलसाठी विषय दिला: घरातल्या एका आजारी माणसाचा आहार. मला वाटलं, देवानेच अभ्यासक्रम आखलाय.

मी पाठ्यपुस्तकातले तक्ते उतरवून काढले. मध्यम कष्टाचा पुरुष, मधुमेह, इतके उष्मांक. दुपारी तांदूळ पंच्याहत्तर ग्रॅम, डाळ तीस ग्रॅम, भाजी इतकी, दही इतकं. शाळेच्या लॅबमधला छोटा तराजू मी मिसची परवानगी काढून घरी आणला. भात शिजला की वाटीत घेऊन तराजूवर ठेवायचा, काटा पंच्याहत्तरवर आला की हात आखडता. डाळीचं वरण करायचं आणि त्यातलं तीस ग्रॅम मोजून घ्यायचं. तीस ग्रॅम वरण म्हणजे दोन चमचे. ते ताटात वाढलं की पळीला लागलेलं जास्त दिसायचं.

बाबांनी पहिल्या दिवशी ताटाकडे बघितलं. "झिला, ह्यां जेवाण आसा काय नैवेद?"

"बुकात लिवलेला आसा, बाबा. पंच्याहत्तर ग्रॅम."

"मगे बुकवाल्यान कोकणी माणूस बघूक नाय वाटता."

पण ते जेवले. दुसऱ्या दिवशीही जेवले. मी त्यांच्या डब्यात वजन करून भरत होतो आणि झाकणावर कागद चिकटवत होतो: सकाळ, दुपार, संध्याकाळ. बसमधले कामगार खुब्जची रोटी आणि चणे पुढे करत, कोणी खजूर देई. बाबा हात आडवा करून म्हणत, "मफी, मफी, नको. माझ्या झिलाने लिहून दिलंय." हे त्यांनी मला घरी येऊन अभिमानाने सांगितलं. त्यांच्या पट्ट्याला मी स्क्रूड्रायव्हरने दोन नवी भोकं पाडून दिली आणि फाइलमध्ये 'निरीक्षणे' या मथळ्याखाली लिहिलं: रुग्णाचे वजन समाधानकारकरीत्या उतरत आहे.

दोन महिन्यांनी साखर तपासली तेव्हा कंपनीच्या डॉक्टरने बाबांशी हात मिळवला. मी तो रक्ततपासणीचा कागद फाइलला जोडला आणि फाइल मिसकडे तपासायला दिली. वर्गात त्या दिवशी मी पुण्याच्या मुलीला सांगितलं की पोस्टमनने एक माणूस वाचवला.

त्यानंतर चारच दिवसांनी, दुपारच्या फेरीत, जुफैरच्या रस्त्यावर बाबांची बस रस्ता सोडून खाली उतरली. तिथे तेव्हा आजच्यासारख्या इमारती नव्हत्या; मोकळी जमीन, थोडी खजुराची झाडं आणि एका बागेची भिंत. बस भिंतीवर गेली. बाबांना कपाळाला टाके पडले. पुढच्या सीटवर आंध्रचा एक गवंडी बसला होता, त्याचा उजवा गुडघा चिरडला. तो माणूस पुन्हा कधी शिडीवर चढला नाही. त्याला मी बघायला गेलो नाही. जायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

हॉस्पिटलच्या डॉक्टरने बाबांची साखर बघितली तेव्हा ती जवळजवळ संपलेली होती. त्याने विचारलं, गोळी घेतलीस? घेतली. सकाळी खाल्लंस? बाबा म्हणाले, "नाही साहेब. उशीर झाला, तसाच निघालो. माझी चूक."

खरं तर त्यांनी खाल्लं होतं. मी वजन करून दिलेली चपाती आणि अर्धी वाटी दूध.

मला ते ऐकून विचित्र वाटलं, पण का, ते समजलं नाही. समजलं तीन दिवसांनी, फाइल परत आली तेव्हा. तक्त्याच्या पानावर मिसनी लाल शाईने आडवी रेघ मारली होती आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं: ही सगळी वजनं कच्च्या धान्याची असतात. तू शिजवलेलं मोजलंस. हा आहार कोणाला प्रत्यक्ष दिला नाहीस ना?

पंच्याहत्तर ग्रॅम तांदळाचा भात वाटीत मावत नाही. ताट भरतं. मी बाबांना दोन महिने तिसऱ्या हिश्शावर ठेवलं होतं, वर गोळी सुरूच होती, आणि बाहेर जूनचं ऊन.

मी ती फाइल संध्याकाळी बाबांसमोर ठेवली आणि सांगितलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी ते लाल अक्षरांवर बोट फिरवत राहिले.

"भूक नाय लागा होती, बाबा?"

"लागा होती रे. बरीच लागा होती."

"मगे बोलला कित्याक नाय?"

"माका वाटला, भूक लागता म्हणजे औषध लागू पडता." ते थोडे हसले. "तू शिकलेलो."

मी रडायला लागलो तेव्हा त्यांनी फाइल मिटली. "आता गप र्‍हव. मी न्याहारी केलंय नाय, असा मी सांगितलंय. खाल्लंय म्हटला तर, कोणी आणि कितक्या दिल्यान, असा डॉक्टर इचारतलो होतो. मॅनेजर बोललो, वॉर्निंग लेटर देतलो आणि वर्कशॉपात बसवतलो. गाडी गेली तरी व्हिसा र्‍हवता. थय विषय खलास. तू कोणाक काय सांगू नको."

आता माझ्यासारख्या माणसाने गप्प बसावं की नाही? अभ्रा चारही बाजूंनी शिवणारा मुलगा मी. मला वाटलं, बाबांवर निष्काळजीपणाचा डाग लागतोय आणि तो माझा आहे. तो मी पुसला पाहिजे. सकाळी शाळेचा युनिफॉर्म घालून, फाइल काखेत मारून मी कंपनीच्या ऑफिसात गेलो. ट्रान्सपोर्टचे मॅनेजर मुंबईचे, मराठी होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

मी म्हटलं, "साहेब, बाबांची चूक नाही. माझी आहे."

त्यांनी फाइल चाळली. चित्रं चांगली काढली होती, गाजर, अंडं, दुधाचा पेला. "हा तक्ता डॉक्टरने दिला?"

"नाही, मी केला."

"तू कोण?"

"होम सायन्स."

ते हसले नाहीत. "पण तुझे बाबा तर म्हणाले, त्या दिवशी सकाळी काही खाल्लंच नव्हतं."

"खाल्लं होतं, साहेब. मी स्वतः वजन करून दिलं होतं."

हे बोलताना मला फार मोकळं वाटलं होतं, ते आठवतं. साहेबांनी फाइल हळूच मिटली आणि माझ्याकडे सरकवली.

"म्हणजे ते हॉस्पिटलमध्ये खोटं बोलले. आणि आमच्या अपघाताच्या रिपोर्टवरही खोटं लिहून सही केली."

मी काहीतरी बोललो. ते म्हणाले, "बेटा, चूक झाली म्हणणाऱ्या माणसाला मी वाचवू शकतो. रिपोर्ट पोलिसांकडे गेलाय. एक माणूस लंगडा झालाय. आता मला हे माहीत आहे, आणि मला हे माहीत नाही असं मी लिहू शकत नाही. तू घरी जा."

पुढच्या गुरुवारी कंपनीने व्हिसा कॅन्सल करायला पासपोर्ट मागवला. बाबांनी मला मारलं नाही, ओरडलेही नाहीत. दोन दिवसांनी एकदा म्हणाले, "साहेब काय म्हणालो?" मी सगळं सांगितलं, एकही वाक्य न गाळता. ते ऐकून म्हणाले, "बरा बोललो तो. माका त्याचो राग नाय." माझा आहे की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी तांदूळ कच्चे मोजले. पंच्याहत्तर ग्रॅम, बरोबर. ताट भरलं. बाबांनी चार घास खाल्ले, पाचवा हातात धरून ठेवला आणि म्हणाले, आता जात नाय. उरलेला भात मी खाल्ला. सगळा.

शाळा अर्धवट सुटली. बारावी मी नंतर कणकवलीत बाहेरून दिली, होम सायन्स न घेता. गावात उतरल्यावर लोक विचारायचे, इतकी चांगली नोकरी सोडून कसे काय आलात? बाबा म्हणायचे, "झिलाच्या शिक्षणासाठी. थय त्याचा शिक्षण नीट होय नव्हता." लोक माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो. बाबा जाईपर्यंत, म्हणजे पुढली अकरा वर्षं, त्यांनी हे उत्तर बदललं नाही, आणि मीही मान हलवायचं थांबवलं नाही.